नाशपाती, कीचक आणि पंचोबा

मराठीत विनोदावर पुष्कळ लिहिले गेले आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांड्यांपर्यंतची परंपरा आपण अभ्यासक्रमात वाचतो, परीक्षेत लिहितो. उर्दूत तर तंज-ओ-मिजाहचे स्वतंत्र दालनच आहे. पण दोन्ही भाषांतले समीक्षक हसण्याचा विचार करताना शब्दापाशी थांबतात, चित्राकडे सहसा जात नाहीत. व्यंगचित्र म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला घटकाभर करमणुकीचा मजकूर, अशी समजूत दोन्हीकडे आहे. ती खरी नाही, हे दाखवायला एकच प्रश्न पुरेसा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या चित्रकारांनी आपल्या राजाची जी दशा केली, ती आपल्याकडच्या ‘पंच’ नावाच्या पत्रांनी आपल्या राजाची का केली नाही? प्रश्न वाटतो तितका परका नाही. ‘पंच’ हे नाव आपल्याकडे लंडनहून आले आणि लंडनच्या ‘पंच’ने आपली कल्पना पॅरिसहून घेतली होती.

आधी पॅरिसचे पाहू. १८३० च्या जुलै महिन्यात तीन दिवसांच्या उठावाने दहाव्या चार्ल्स राजाला घालवले आणि लुई फिलिप गादीवर आला. हा ‘नागरिक राजा’ म्हणवून घेणारा, हातात छत्री घेऊन रस्त्याने फिरणारा. छापखान्यांवर पुन्हा नियंत्रण आणणार नाही, असे नव्या सनदेत लिहिलेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शार्ल फिलिपाँ याने ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक काढले आणि दोन वर्षांनी ‘ल शारिवारी’ हे दैनिक. शारिवारी म्हणजे नको असलेल्या नवरदेवाच्या दारासमोर भांडी बडवून केलेला गोंगाट. मराठीत त्या दैनिकाचे नाव ‘शिमगा’ असे ठेवता येईल, आणि कोकणातल्या वाचकाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

फिलिपाँवर खटला झाला तो नोव्हेंबर १८३१ मध्ये. राजाला गवंडी करून, भिंतीवरची जुलैची वचने चुन्याने पुसताना दाखवल्याबद्दल. राजाच्या व्यक्तीचा अपमान हा गुन्हा. फिलिपाँने न्यायालयात कागद घेतला आणि चार चित्रे काढली. पहिले हुबेहूब राजाचे: गाल फुगलेले, कपाळ अरुंद, वर केसांचा झुबका. दुसऱ्यात गाल थोडे अधिक लोंबले. तिसऱ्यात चेहरा जवळजवळ गेला. चौथे नाशपातीचे. त्याचे म्हणणे असे की, साम्य हाच गुन्हा असेल तर पहिले चित्र गुन्हा, पहिल्यासारखे दुसरे दिसते म्हणून तेही गुन्हा, मग तिसरे, आणि शेवटी देशातली प्रत्येक नाशपाती तुम्हाला जप्त करावी लागेल. फ्रेंच बोलीत नाशपाती म्हणजे भोळसट, बावळट माणूस, हे त्यातले आणखी एक मीठ.

कोर्टाने त्याला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड सुनावला. युक्तिवाद हरला, पण चित्र जिंकले. त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर पोरे खडूने नाशपात्या काढू लागली. १८३४ मध्ये शारिवारीला स्वतःविरुद्धचा निकाल पहिल्या पानावर छापण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी निकालपत्राच्या ओळी अशा जुळवल्या की मजकुराचाच आकार नाशपातीचा झाला. कायद्याचा शब्द न् शब्द पाळला होता, तक्रारीला जागाच नव्हती.

या मंडळींत सर्वांत मोठा चित्रकार ओनोरे दोमिये. डिसेंबर १८३१ मध्ये त्याने ‘गार्गान्त्युआ’ हे चित्र काढले, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. रॅबलेच्या कादंबरीतल्या राक्षसाच्या नावाने राजा प्रचंड खुर्चीवर बसला आहे. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक फळी टेकवलेली आहे आणि त्या फळीवरून हमाल टोपल्या वाहून नेत आहेत. टोपल्यांत गरिबांकडून गोळा केलेला पैसा. खुर्चीखालून जे बाहेर पडते आहे ते म्हणजे मानपत्रे, पदके, नेमणुका. आणि ती गोळा करायला जमलेले दरबारी. चित्र घाणेरडे आहे यात शंका नाही. पण अर्थव्यवहाराचे इतके स्वच्छ विवेचन मी तरी दुसऱ्या चित्रात पाहिलेले नाही: पैसा कोठून निघतो, कोणाच्या पोटात जातो आणि कोणत्या रूपात कोणाला परत मिळतो. या चित्रासाठी दोमियेला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८३२ च्या ऑगस्टमध्ये तो सँत-पेलाजीच्या तुरुंगात गेला.

मात्र माझ्या मते दोमियेचे त्या काळातले श्रेष्ठ चित्र ‘गार्गान्त्युआ’ नव्हे. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसमध्ये दंगा उसळला; रू ट्रान्सनोनँ या गल्लीतल्या बारा क्रमांकाच्या घरातून गोळी आली, असे म्हणत शिपाई आत शिरले आणि घरातली माणसे मारली. दोमियेने त्या खोलीचे चित्र काढले. अंथरुणाला टेकून पडलेला, रात्रीचा सदरा घातलेला पुरुष. त्याच्या देहाखाली दबलेले तान्हे मूल. एका बाजूला अंधारात बाई, दुसऱ्या बाजूला म्हातारा. उलटलेली खुर्ची. राजा कोठेच नाही, शिपाई नाही, नाशपाती नाही. ज्याचे नाक-गाल तीन वर्षे ताणले, त्याला चित्रातून पूर्ण वगळल्यावरच राजाविरुद्धचा सर्वांत मोठा आरोप तयार झाला. चित्र दुकानाच्या खिडकीत लागले तेव्हा लोकांची रीघ लागली आणि पोलिसांनी हाती लागतील त्या प्रती जप्त केल्या. आपल्याकडे मरसियाचे श्रोते आहेत. त्यांना या चित्रातले मौन लगेच कळेल.

जुलै १८३५ मध्ये राजाच्या मिरवणुकीवर प्राणघातक हल्ला झाला. राजा वाचला, अठरा माणसे मेली. सप्टेंबरमध्ये नवे कायदे आले आणि चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. लेखाला ही अट नव्हती, फक्त चित्राला. सरकारची बाजू अशी की लेख बुद्धीशी बोलतो, चित्र डोळ्यांशी. म्हणून चित्र हे मत नव्हे, कृती आहे. समीक्षकांनी चित्राला कमी लेखले, पण सरकारने तशी चूक केली नाही.

येथे एक हकीकत सांगण्यासारखी आहे. व्हिक्टर ह्युगोने ‘ला मिझेराब्ल’मध्ये ती दिली आहे. एक पोरगा राजवाड्याच्या फाटकावर नाशपाती काढत होता, त्याचा हात वर पोचत नव्हता. मागून लुई फिलिप आला, त्याने ती पूर्ण करून दिली आणि पोराच्या हातावर सोन्याचे नाणे ठेवले. नाशपाती यावरही आहे, असे सांगून. ही हकीकत वाचताना उर्दूच्या विद्यार्थ्याला मीर जाफर जटल्लीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बादशहा फर्रुखसियर गादीवर आला तेव्हा त्याच्या नाण्यावरील शेराचे जटल्लीने विडंबन केले आणि १७१३ मध्ये त्याला प्राणाला मुकावे लागले, असे परंपरा सांगते. दोन्हीकडे राजा, नाणे आणि टवाळ. पण फ्रेंच राजाच्या दिलदारीने फार भारावून जाऊ नये. फाटकावरच्या पोराला नाणे देणाऱ्या राजाच्याच सरकारने छापणाऱ्याला कैदेत घातले. एक खडूची रेघ पावसाने पुसली जाते. दगडावरच्या रेघेच्या हजार प्रती निघतात.

दगडाची गोष्ट उर्दूवाल्यांना वेगळी समजावून सांगायला नको. दोमियेची ही सारी चित्रे शिळाछाप आहेत. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने काढायचे, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट रेघेला चिकटते. आपल्या उर्दू पुस्तकांचा आणि वर्तमानपत्रांचा हाच छापखाना होता. खिळ्यांची अक्षरे नस्तालीकला मानवली नाहीत, म्हणून कातिब खास शाईने कागदावर लिहायचा आणि ते लेखन दगडावर उतरवले जायचे. १९८० नंतर संगणकावर नस्तालीक आले आणि कातिबांच्या बैठका उठल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग शिळाछापावर छापले ते १८३१ मध्ये, म्हणजे नाशपातीच्याच वर्षी. यंत्र तेच, दगड तोच. आमच्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज राजचिन्हे दगडात कोरलेली आहेत, ती कायमची राहावीत म्हणून. छापखान्यातला दगड मात्र काम झाले की घासायचा आणि दुसऱ्या चित्राला घ्यायचा. राजाची अशी थट्टा छापायला लागणारी सामग्री मुंबईत होती. मग काय नव्हते?

१८४१ मध्ये लंडनला ‘पंच’ निघाले, त्याचे उपशीर्षकच ‘लंडन शारिवारी’ असे होते. पण राजाला नाशपाती करण्याचा फ्रेंच उद्योग त्याने उचलला नाही; ते घरात मुलाबाळांसमोर ठेवता येईल असे सभ्य पत्र झाले. आपल्याकडे आले ते हे सभ्य पंच. १८५४ मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ निघाले आणि पुढे त्याचे ‘हिंदी पंच’ झाले. गुजराती आणि इंग्रजी मजकुराच्या या पत्रात पंचोबा नावाचे पात्र होते, लंडनच्या मिस्टर पंचचा देशी अवतार. बरजोरजी नवरोजींच्या संपादकत्वाखाली या पत्राची चित्रे इतकी नावाजली की विल्यम स्टेडच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ने ती लंडनमध्ये पुन्हा छापली. काँग्रेसची अधिवेशने, करांचा बोजा, १९०५ ची बंगालची फाळणी, सारे विषय त्यात आले. कर्झनवर तर पंचोबाने चांगलेच हात धुऊन घेतले. पण व्हिक्टोरिया राणी किंवा एडवर्ड राजा यांच्या गालाला त्याने हात लावला नाही. राणी माउलीच राहिली. चूक व्हाइसरॉयची, अधिकाऱ्यांची. वर गाऱ्हाणे पोचले की न्याय मिळेल, हा भाव कायम.

लखनौत मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये ‘अवध पंच’ काढले. त्याची भाषा अशी की उर्दू गद्याचा वाचक अजूनही तिच्यावरून जीव ओवाळून टाकतो. अकबर इलाहाबादींचे नाव तिथून घराघरात गेले. मात्र अवध पंचचे आवडते लक्ष्य पाहा: सर सय्यद आणि त्यांचे अलीगढ. ‘हिंदू पंच’ आमच्या ठाण्याहून मराठीत निघत होते, आणि निर्मळ तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या पत्राविरुद्ध अब्रूनुकसानीच्या दाव्यात कोण गेले? गोपाळ कृष्ण गोखले. म्हणजे लखनौ काय आणि ठाणे काय, पंचाची छडी बहुतेक वेळा उठली ती आपल्यातल्याच सुधारकावर. मला सर सय्यदांची प्रत्येक भूमिका पटते असे नाही, आणि अवध पंचाच्या विनोदाला मीही हसते. पण ज्या दगडावर राजाचे चित्र निघू शकत होते त्यावर शाळा काढणाऱ्या म्हाताऱ्याची दाढी काढली गेली, ही गोष्ट उर्दू समीक्षेने पुरेशी गांभीर्याने घेतलेली नाही.

कायद्याची भीती हे एक कारण होतेच. राजद्रोहाचे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत आले. १८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा केला, इंग्रजी पत्रांना त्यातून वगळून. पण फिलिपाँलाही कायदा होता. मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. पॅरिसच्या माणसाने आपला राजा पाहिला होता, त्याच्या छत्रीसकट. आपला राजा कोणी पाहिलाच नव्हता. तो नाण्यावर होता, तिकिटावर होता, पुतळ्यात होता. ज्याचा चेहरा रोजच्या पाहण्यातला नाही त्याचा चेहरा बिघडवता येत नाही. जत्रेतल्या वेड्यावाकड्या आरशासमोर आधी माणूस उभा राहावा लागतो.

पुतळ्यावरून आठवले. मुंबईत राणीची जी एकमेव धडधडीत विटंबना झाली ती कागदावर झालीच नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशाने उभारलेल्या व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये कोणीतरी डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे आपण केले, असे दामोदर चापेकरांनी पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात सांगितले. (त्या आत्मकथनात मुसलमानांविषयीही कडवटपणा आहे, तो निराळा विषय.) याला व्यंगचित्र म्हणावे का? मी म्हणणार नाही. रात्रीच्या अंधारात फासलेल्या डांबराला सही नसते आणि त्यात पाहणाऱ्याने ओळखण्याजोगे काही नसते. फिलिपाँने भर दुपारी न्यायाधीशासमोर कागद मागितला होता.

मराठीत नाशपातीची युक्ती खऱ्या अर्थाने साधली ती रंगभूमीवर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले. कथा महाभारतातली, शब्दन्शब्द पौराणिक. प्रेक्षकांना मात्र कीचकात कर्झन, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. साम्य हा गुन्हा कसा ठरवायचा, हा फिलिपाँचाच पेच सरकारपुढे आला. सरकारनेही पॅरिसच्या कोर्टाचाच मार्ग धरला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. पण इथेही नीट पाहा. कीचक हा राजा नव्हे, राजाचा मेहुणा आणि सेनापती. राजा विराट दुबळा आहे, काणाडोळा करणारा आहे, पण दुष्ट नाही. नाटक संपते तेव्हा कीचक मेलेला असतो आणि विराट गादीवर असतो. खाडिलकरांसारखा केसरीतला माणूसही राजापर्यंत गेला नाही. आपल्याकडे राजाची भीड न ठेवणारे फक्त दोघे: टोपीसाठी राजाच्या दारात ढोलके वाजवणारा गोष्टीतला उंदीर आणि वगातला शिपाई. दोघेही छापखान्याच्या आधीचे, आणि दोघांनाही दंड झाल्याची नोंद नाही.

येथवर फ्रेंचांचे कौतुक झाले. आता दुसरी बाजू. त्याच शारिवारीत १८५० च्या सुमारास शाम या टोपणनावाच्या चित्रकाराने हैतीचा सम्राट फोस्तँ सुलूक याच्यावर चित्रमालिका काढली. हैती म्हणजे फ्रान्सची गुलामगिरी झुगारून स्वतंत्र झालेला काळ्यांचा देश. सुलूक काही संत नव्हता, जुलमीच होता. पण शामच्या चित्रांतला विनोद जुलमावर नाही. काळ्या माणसाने मुकुट घातला, यावर आहे. लोकांनी त्यात लुई नेपोलियनला टोमणा वाचला हेही खरे. तरी टोमण्याचे ओझे कोणाच्या पाठीवर ठेवले, हे विचारावे लागते. १८५७ मध्ये लंडनच्या पंचमध्ये टेनिएलने ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावताना काढला, त्यावेळी दिल्लीच्या गल्ल्यांत काय चालले होते ते आपण गालिबच्या पत्रांत वाचतो. लेखणी तीच, दगड तोच. फक्त ती वर बघते आहे की खाली, एवढाच फरक, आणि तो समीक्षेने प्रत्येक चित्रासमोर तपासला पाहिजे.

फ्रेंच व्यंगचित्र म्हटल्यावर या अंकाच्या वाचकाला काय आठवते, याची मला कल्पना आहे. २००५ मधली डेन्मार्कच्या दैनिकातली चित्रे, आणि जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’च्या कार्यालयावरील हल्ल्यात झालेली बारा जणांची हत्या. त्या खुनांना कोणतेही ‘पण’ जोडायची माझी तयारी नाही. त्या चित्रांना दोमियेचा वारसा म्हणायचीही नाही. दोमियेने ज्याचे चित्र काढले तो त्याला तुरुंगात टाकू शकत होता आणि त्याने टाकले. पॅरिसच्या उपनगरात झाडलोट करणारा अल्जेरियन माणूस कोणाला तुरुंगात टाकू शकतो? आणि या सगळ्याची झळ आपल्याकडे कोणाला लागली, हेही विसरू नये. ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी बातमीसोबत शार्ली एब्दोचे मुखपृष्ठ छापले. त्यांनी माफी मागितली, तरी त्यांना मुंब्रा पोलिसांनी अटक केली. जामीन मिळाला, पण आवृत्ती बंद पडली. उर्दू वर्तमानपत्राच्या संपादकपदावर पोचलेल्या मोजक्या बायकांपैकी त्या एक होत्या. तक्रार करणाऱ्यांत आपलीच माणसे होती. त्यातल्या किती जणांनी आयुष्यात एका तरी राज्यकर्त्याविरुद्ध तक्रार लिहिली असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

स्वतंत्र भारतात देशाच्या प्रमुखाचे चित्र निघाले, ते आणीबाणीत. १० डिसेंबर १९७५ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना न्हाणीतल्या टबात बसवले. अंगावर कपडा नाही. सही केलेला कागद दाराशी आलेल्या माणसाला देत ते सांगत आहेत की आणखी वटहुकूम असतील तर थोडे थांबायला सांगा. रेषा मोजक्या, कोठेही घाण नाही, आणि एका सहीचे मोल काय झाले आहे ते पुरते कळते. ‘गार्गान्त्युआ’ला लागून हे चित्र ठेवून पाहावे. तिथे फळीवरून सारे राजाच्या तोंडात जाते. इथे कागद टबातून दाराकडे जातो आणि ज्याच्याकडे जातो तो चित्रात येत नाही. म्हणजे आपल्याकडचे हे सर्वांत धीट चित्रही विराटाचेच आहे. दाराबाहेर कोण उभे होते, ते १९७५ च्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होते.